सतरा नंबरचं शेवळ

शीळफाटा, शुक्रवार

चि. उत्तम यास थोरल्या बहिणीचा, मालनताईचा, पोटभर आशीर्वाद. तुझी साखर कशी आहे? हेमांगीची कंबर? (तिला सांग, पाण्याच्या बादल्या घरातल्या रिकाम्या माणसाने उचलाव्यात. म्हणजे तू.)

मी मजेत. माझी शाळा तिसरीत सुटली, पण या आठवड्यात मी कॉलेजला शिकवलं! झालं असं, बाबांचं मागचं रान, ज्यावर तुला भराव टाकून गाळे काढायचेत आणि ज्यात माझाही हिस्सा आहे, तिथे संचिता नावाच्या मॅडम सात पोरापोरींना घेऊन झाडं-पाखरं मोजायला आल्या. चार दिवस मोजतायत तरी संपेना. भारद्वाज, खंड्या, मुंगूस, धामण (तिच्यासारखीच एक बघून तू आंब्यावर चढलेलास), नुसती फुलपाखरंच एकतीस जातींची. मी जन्मभर सगळ्यांना फुलपाखरूच म्हणत आले, बिचारी.

तर मॅडमनी रानात उगवलेल्या काही शेवळांना नंबराच्या पट्ट्या बांधल्या. मला वाटलं, पोरगी गुणाची आहे, म्हातारीला दिसावीत म्हणून कोवळी कोवळी खूण करून ठेवलीत. ज्येष्ठात शेवळं खुडायची आपली सवयच. मी तेवढीच खुडली, घसा खाजू नये म्हणून काकडाची फळं घालून भाजी केली आणि दुपारी त्यांनाच वाढली. पोरं बोटं चाटत होती. मॅडमनी तांदळाची दुसरी भाकरी संपवली आणि म्हणाल्या, "चला, आता सतरा नंबर बघून येऊ."

मी म्हटलं, "बाय, सतरा नंबर तुझ्या पोटात आहे."

आधी तिचा चेहरा उतरला, मग इतकी हसली की ठसका लागला. पाणी पाजलं तेव्हा थांबली. पुढे वही काढून तिने मलाच समोर बसवलं. कुठल्या पाल्याची भाजी होते, कुठला नुसता गुरांनी खावा, कुठला त्यांनीही सोडावा, सगळं मी सांगितलं. ब्याण्णव वनस्पती झाल्या रे! त्यातल्या चोवीस माझ्या तोंडून. खाली लिहिलंय, "माहिती: मालन भगवान मढवी." मी तीनदा वाचून घेतलं.

बाकी सगळे बरे. हेमांगीला जप.

तुझी मालनताई

ता. क. एक तारखेला भरावाचे डंपर येणार म्हणून त्या माणसाचा फोन आलेला. त्याला नको म्हणून सांग. एकदा माती पडली की त्या ब्याण्णवातलं एकही वर यायचं नाही. गाळे रस्त्याकडच्या तुकड्यावर बांध, त्याची सही आजच देते.

आणखी एक. तू पाठवलेला हक्कसोडाचा कागद. पोरांना पानं चिकटवायला जाड कागद हवा होता, घरात तोच जाड निघाला. सहीच्या जागी आता भारंगीचं पान आहे. मॅडम म्हणाल्या, महिनाभर हलवायचं नाही. मी म्हटलं, "महिना कशाला, मी आहे तोवर राहू दे."