शिवणीत सोडलेलं कापड

दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आठ दिवसांसाठी म्हणून आलास आणि दुकानात काम खोळंबलंय म्हणत चौथ्याच दिवशी निघून गेलास. तुझे मालक तुझ्यावाचून कात्रीला हात लावत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण दादा, तू इथे खाल्लंस काय? दर जेवणाआधी न्हाणीघरात जाऊन बसायचास आणि पानावर चार घास चिवडून उठायचास. हे म्हणालेसुद्धा, की बहिणीच्या हातचं खायला मेहुणे आता घाबरतात वाटतं. मी हसले, पण मनाला लागलं.

आता खरं विचारते. तुझा कोट खुंटीला लावताना आतल्या खिशात बाटली हाताला लागली. काढून बघायचा धीर झाला नाही. सहा वर्षांपूर्वी तुझ्या बाटल्या मोरीत मीच ओतल्या होत्या, ते तू विसरला नसशील. दादा, पुन्हा सुरू केलंस का?

राग आला तर रागानं लिही, पण लिही.

तुझी,
टिटवी


दि. ११ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

बाटली होती. दारूची नव्हती, औषधाची होती. लेबल मीच नखानं खरवडून काढलंय.

पोटात मागच्या बाजूला स्वादुपिंड नावाचं काही असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. माझं ते कायमचं बिघडलंय. अन्न पचवणारा रस पुरेसा करत नाही, त्यामुळे खाल्लेलं अंगी न लागता तेलकट होऊन बाहेर पडतं. तुझ्या न्हाणीघरात बादल्याच्या बादल्या का ओतत होतो, ते आता समज. डॉक्टरांनी पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्यात, दर जेवणाला, जन्मभर. हे कशानं झालं विचारलं, तर त्यांनी मलाच उलट विचारलं, की किती वर्षं पीत होतात.

दुकानात आम्ही चौघं कटिंगच्या टेबलावरच डबे उघडतो. इस्त्रीवाल्याच्या साडूला हाच आजार होता आणि तो पक्का बेवडा होता, हे त्याचं जेवताना तीनदा सांगून झालंय. म्हणून मी अर्धा तास आधी कापडाच्या खोलीत जाऊन कॅप्सूल गिळतो आणि साळसूदपणे येऊन बसतो. गुण काडीचा नाही. अकरा किलो उतरलोय.

स्वतःची पँट तीनदा आत घेतली. गेल्या महिन्यात शिवणीत सोडलेलं कापडही कापून टाकलं. आपल्या अण्णांनी कात्री हातात देताना शिकवलं होतं, की गिऱ्हाईक आज काडी असलं तरी उद्या अंगानं भरेल, शिवणीत कापड सोडायचंच. चाळीस वर्षं लोकांसाठी सोडलं. स्वतःचं कापताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याची लाज वाटते.

वहिनीला यातलं काही कळवू नकोस. तिला गॅसचा त्रास म्हणून सांगितलंय. ते सगळं संपलं असं धरून ती सहा वर्षं सुखानं झोपतेय.

तुझा,
दादा


दि. १८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मला तोंड लपवायला जागा उरलेली नाही. तुला विचारण्याच्या दोन दिवस आधीच मी वहिनीला लिहून मोकळी झाले होते, की दादानं पुन्हा सुरू केलंय, लक्ष ठेव. संशय आहे असंही नाही, खात्रीनं लिहिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! खिशात बघायची हिंमत नव्हती, गावभर सांगायची मात्र होती. चुकले असं तिला लिहायला बसले, पण तू कळवू नकोस म्हणालास, म्हणून ते पत्र फाडलं. आता तूच सांग. माझ्यासाठी तरी सांग.

आणखी एक. शेजारी इस्पितळातल्या सिस्टर राहतात. तुझं नाव न घेता त्यांना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला. त्या कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, जेवण लांबलं तर मध्येही. किती ते डॉक्टरांना विचारायचं. अन्नात मिसळल्या तरच कामाच्या. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, तुझं घोडं अर्धा तास आधी येऊन मांडवात पेंगतंय!

हा आजार न पिणाऱ्यांनाही होतो, असंही त्या म्हणाल्या. पण तू प्यायचास, दादा. ते आपण दोघं जाणतो. त्यासाठी उपाशी मरायची शिक्षा तुला कोणी दिलेली नाही.

ओरडलास तरी चालेल, अबोला धरू नकोस.

तुझी,
टिटवी


दि. ९ मे

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तू वहिनीला काहीतरी लिहिलंयस, हे मला तुझ्या पत्राआधीच कळलं होतं. एका सकाळी पाण्याचा पेला ओट्यावर ठेवून वळलो आणि पुन्हा मागे पाहिलं, तर ती तो हुंगत होती. मग आठवडाभर रोज. मी कुठल्या तोंडानं बोलणार? तशी वेळ तिच्यावर मीच आणली होती. तेव्हा तू रडत बसू नकोस.

तुझं पत्र आलं, त्याच रविवारी जेवताना बाटली ताटाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग उठून माझी पँट घेऊन आली, उलटी केली आणि कापलेली शिवण माझ्यापुढे धरली. मागे बटण लावताना तिनं ती पाहिली होती. तेहतीस वर्षं शिंप्याची बायको आहे ती, सांगायला नको. नवऱ्याला जिवावरचं काही झालंय आणि त्यानं आशाच सोडलीय असं समजून महिनाभर गप्प होती. मी पितोय असं तू लिहिलंस, तेव्हा तिला म्हणे क्षणभर बरं वाटलं. पिणं निदान एकदा सुटलं होतं, पुन्हा सुटलं असतं. हे ऐकून मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांसमोर, पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल घेतली. इस्त्रीवाल्यानं कसली म्हणून विचारलं. तुझ्या साडूचाच आजार आणि त्याच कारणानं, असं सांगून टाकलं. कान तापले, घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. हल्ली डबे उघडले की बाटली तोच माझ्यापुढे सरकवतो. लाज गेलेली नाही, पण जेवण जातं.

साडेतीन किलो वाढलोय. जुनी पँट आता चढत नाही आणि सैल करायला आत कापडच नाही. वहिनीनं नवं कापड आणलं. काल बेतायला घेतलं, शिवणीला नेहमीएवढं सोडून रेघ ओढली. तिनं माझ्या हातातून खडू घेतला आणि त्याच्या बाहेर आणखी दोन बोटं सोडून दुसरी रेघ ओढली. मी तिच्या रेघेवरून कापलं.

पुढच्या महिन्यात आठ दिवसांसाठी येतो आणि आठही दिवस राहतो. लोभ आहेच, तो पानावर वाढ.

तुझा,
दादा