बॉनेटवरची अक्षरं

ललित,

थंडीचं दव पडायच्या आत गाडी पॉलिश करा म्हणाला होतास, ती केली. बॉनेटवरचे ओरखडे मात्र निघाले नाहीत. रोज शाळेत सोडायला निघताना तिथल्या धुळीत मयुरीकडून बोटाने अक्षरं मीच गिरवून घ्यायचो. धुळीतल्या बारीक खड्यांनी रंग खरवडला जातो, हे मला ठाऊक नव्हतं.

थप्पड तू तिला मारलीस. मला म्हणालास, "नाना, तुमची शाळा गावातच ठेवा."

ठेवतो. एसटीने गावी, चोपड्याला निघालो आहे. किल्ली टीव्हीजवळ आहे. उद्यापासून तिला शाळेत तूच सोड.

सकाळी तिच्यापुढे वही ठेवली. हात मागे घेऊन म्हणाली, "नाना, वहीवरपण ओरखडे पडतात का?"

याचं उत्तर तूच दे तिला.

नाना