सोमवारपासून कामावर येते

आई, मला नागीण झाली. तुझी डाव्या अंगाला होती, माझी उजव्या. छातीच्या खालून निघाली आणि पाठीच्या कण्यापाशी येऊन थांबली. तिची दोन्ही तोंडं मिळाली की माणूस संपतो असं तू म्हणायचीस आणि मी, कॉलेजात शिकणारी शहाणी, हसायचे. या वेळेस पहिल्या दिवशी आरशात बघितलं तेव्हा काही हसू आलं नाही. मोबाइलवर पाठीचा फोटो काढून दोन टोकांमध्ये किती जागा उरलीय ते बघत बसले. चोपन्न वर्षांची बाई मी, आणि हे असं.

आज तेवीस दिवस झाले. फोड सुकले, खपल्याही गळल्या, आता नुसते तांबडे डाग आहेत. देशपांडे नगरच्या डॉक्टरांकडे काल जाऊन आले. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सातवा महिना आहे, तिची मला फार काळजी होती. खपल्या गळेपर्यंत तिच्या आसपास फिरकू नका, तिला कांजिण्या झाल्या तर जड जाईल, असं डॉक्टरांनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं. काल म्हणाले, आता तुमच्याकडून कुणाला काही व्हायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टर, पण दुखतंय हो, पहिल्यापेक्षा जास्त दुखतंय. साडीचा काठ लागला तरी कुणी सुया टोचल्यासारखं होतं. ते म्हणाले, हे दुखणं मागे राहतं काही जणांना, महिना राहील, सहा महिने राहील, सांगता येत नाही. मग कामावर जायचं पत्र पुढे ओढलं आणि म्हणाले, "तारीख नीवऽ हेळ्री." तारीख तुम्हीच सांगा म्हणे, मी लिहितो. विचार करून सांगते म्हणून मी उठून आले.

साहेबांचा एक दिवसाआड फोन असतो, "मॅडम, यावाग बर्तीरी?" केव्हा येता, केव्हा येता. तुझी नात पुण्याहून व्हिडिओ कॉल करते. काल मी तिला डाग दाखवले तर म्हणाली, "सुकलंय की गं सगळं! आता कसलं दुखतंय? जा तू ऑफिसला, घरात बसून जास्तच दुखेल." प्रेमानेच म्हणाली बिचारी. पण मी पटकन फोन ठेवून दिला. कारण हे वाक्य माझं आहे, आई. शब्दन् शब्द माझं. तुला आठवत असेल.

आपली ती खोली, एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला माझी पुस्तकं. तू चुलीकडे तोंड करून पाटावर बसलेली आहेस, पाठ उघडी, अंगावर नुसता पदर. मी वाटीत काव कालवून कापसाच्या बोळ्याने तुझ्या बरगडीवर लावतेय. गल्लीतल्या अक्कांनी सांगितलेला उपाय, सर्पसुत्तूला, म्हणजे नागिणीला, तांबडी माती लावायची, दोन्ही टोकांना जाड रेघ ओढायची म्हणजे ती पुढे सरकत नाही. तू दात आवळून बसायचीस. मी म्हणायचे, किती गं नाटक करतेस. पंधरा-सोळा दिवसांनी फोड वाळले आणि तू म्हणालीस, काव धुऊन काढ, पण हळू, आतून जळतंय. आणि मी ते वाक्य म्हटलं. सुकलंय की गं सगळं, आता कसलं दुखतंय?

मला तसं वाटायचं कारण होतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू मुलींच्या हॉस्टेलात भाकऱ्या बडवायचीस. तिथली रीत अशी की बाई आजारी पडली तर घरातलं कुणीतरी बदली पाठवायचं, नाहीतर जागा दुसरीला जाते. घरात दुसरं होतं कोण? पहाटे उठून मी जायचे. दीडशे मुलींच्या ज्वारीच्या भाकऱ्या, आणि माझ्या भाकऱ्या तव्यावर पडता पडताच फाटायच्या. त्या मुलींमधल्या सहा-सात माझ्याच वर्गातल्या. तिसऱ्या दिवशी एकजण ताट घेऊन पुढे आली, मला बघून थबकली, "अय्य, नी इल्ल्याक बंदी?" तू इथे कशाला आलीस म्हणून विचारलं तिने, दुसरं काही नाही. मागच्या मुली बघायला लागल्या. मी पदराने घाम पुसला, खाली बघून तिच्या ताटात फाटकी भाकरी टाकली, आणि दोन तासांनी तिच्याच मागच्या बाकावर जाऊन बसले. अंगाला चुलीचा वास येतोय असं वाटून दिवसभर बाकाच्या कडेला सरकून बसले. आणखी दोन आठवडे हे असं. मला नको झालं होतं, आई. तू कधी उठतेस याचे मी दिवस मोजत होते.

मग तो अर्ज. तू चौथीपर्यंत शिकलेली, मराठी शाळेत, अळणावरकडच्या गावात. मराठी वाचायचीस, पोथी वाचायचीस, कन्नड तर घडाघडा बोलायचीस, पण कन्नड अक्षर म्हटलं की तुझं बोट थांबायचं. त्यामुळे हॉस्टेलचा, रेशनचा, सगळा कागद माझ्या हातचा. त्या दिवशी तू भिंतीला न टेकता बसून सांगितलंस, "लिही, दुखणं अजून आहे. पंधरा दिवसांची रजा मिळावी." एवढंच. मी चांगल्या अक्षरात कन्नडमध्ये लिहिलं की मी आता पूर्ण बरी आहे, सोमवारपासून कामावर येते. कागद तुझ्यापुढे धरला, खाली बोट ठेवून म्हटलं, इथे सही कर. तू तुझी ती मराठी सही केलीस, एकेक अक्षर सुटं, वर सरळ रेघ. कागदाकडे बघून म्हणालीस, "अक्षर किती छान आहे गं तुझं."

हॉस्टेल चालवणाऱ्या अक्कांना कागद देऊन आले आणि तुला सांगितलं, रजा देत नाही म्हणाल्या, सोमवारी यायलाच पाहिजे. तू एक उसासा टाकलास आणि म्हणालीस, त्यांची तरी काय चूक, इतक्या पोरींना जेवायला लागतं. त्यांची बाजू घेतलीस तू! मला तेव्हासुद्धा बोलता आलं असतं.

सोमवारी तू गेलीस. ब्लाउजच्या आत जुन्या धोतराचा मऊ कपडा ठेवून गेलीस. तापलेल्या तव्यापुढे तीन तास. संध्याकाळी आलीस तेव्हा तुझा चेहरा वेगळा होता, मला वाटलं दुखण्यानेच असेल. पुढे कितीतरी वर्षांनी तुझ्याबरोबर काम करणारी बाई मला सुभाष रोडला भाजी घेताना भेटली, तू गेल्यानंतर. तिने मला त्या सोमवारचं सांगितलं. तू अक्कांना म्हणालीस, अजून आठ दिवस तरी द्यायला हवे होते हो. त्या चकित झाल्या आणि कागद काढून तुझ्यापुढे धरला, "आराम आगेद अंत नीवऽ बरदीरल्ल." बरं वाटतंय असं तुम्हीच लिहिलंय की. ती बाई म्हणाली, तुझी आई कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, हो, हो, मीच लिहिलंय, विसरले. आणि भाकऱ्यांना बसली. डावा हात अंगापासून लांब धरून बडवत होती, आम्ही कोंबडी म्हणून चिडवायचो तिला. हे सांगून ती हसली. मी पण हसले, काय करणार. मेथीची जुडी तिथेच विसरून घरी आले.

म्हणजे त्याच दिवशी तुला कळलं होतं. आणि घरी येऊन तू पहिली भाकरी माझ्या ताटात वाढलीस.

मग मागचं एकेक जुळत गेलं. त्या सोमवारनंतर तू मला एकही अर्ज लिहायला सांगितला नाहीस. रेशन कार्डात नाव घालायचं होतं तर कोपऱ्यावरच्या रिटायर मास्तरांकडे गेलीस. मी म्हटलं, मी लिहिते की. तू म्हणालीस, "असू दे, तुला अभ्यास आहे." मला तेव्हा उलट बरंच वाटलं होतं! आणि मला ही नोकरी लागली, त्या दिवशी तू पेन आणलंस, निळं, सोनेरी टोपणाचं. हातात देताना म्हणालीस, "कुणाचा अर्ज लिहून दिलास तर त्याला वाचून दाखवत जा हो." मी हो हो म्हटलं. आई नोकरीला लागलेल्या मुलीला काहीतरी चांगलं सांगते, तसं वाटलं. तू मला आयुष्यात एवढंच रागावलीस, आणि ते कळायला मला तुझ्या मरणानंतरची भाजीबाजारातली बाई लागली.

आणि नोकरी कसली लागली बघ. लोकांच्या रजा बघायची. सव्वीस वर्षं माझ्या टेबलावर आजारपणाचे अर्ज येताहेत. कंबर दुखते, डोकं दुखतं, अमुक दुखतं. मी मनात म्हणायचे, दिसत तर काही नाही. एकदा एका शिपायाने नागिणीनंतर महिनाभर रजा वाढवली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, काय हो, नागीण गेली आणि शेपूट राहिलं वाटतं? सगळे हसले. तोही हसला. आता शेपूट माझ्याच अंगाला आहे. बसमध्ये पर्सचा पट्टा उजव्या बरगडीला घासला तरी डोळ्यात पाणी येतं, आणि मला तर नुसतं खुर्चीत बसायचं असतं, चुलीपुढे नाही. तुझं दुखणं दोन वर्षं राहिलं. दोन वर्षं तू भाकऱ्या बडवल्यास आणि मला वाटायचं, आई हल्ली चिडचिडी झालीय.

डॉक्टरांना सोमवारची तारीख सांगून टाकावी असं कालपासून मनात होतं. तू गेलीस ना तशी, मीही जाते, झाली फेड. मग वाटलं, ही कसली फेड? मी कुढत खुर्चीत बसले म्हणून तुझा तवा थोडाच गार होणार आहे? शिवाय सोमवारी मला बघून ऑफिसात कुणीतरी म्हणणारच, बघा, नागीण होऊनही मॅडम आल्या की नाही, आणि पुढच्या वेळी कुणी दुखतंय म्हणालं की माझं नाव पुढे करतील. म्हणून आत्ता दुपारी जेवण झाल्यावर अर्ज लिहिला. कन्नडमध्ये, चांगल्या अक्षरात. दुखणं अजून आहे, पंधरा दिवसांची रजा मिळावी. तुझंच वाक्य, तू सांगितलं होतंस तसंच. पस्तीस वर्षं उशिरा लिहिलं, आणि खाली सही माझी.

अर्ज उद्या देईन. तुला लिहिलेला हा कागद द्यायला कुठे जाणार? तुझ्या फोटोसमोर खुर्ची घेऊन बसले आणि तू म्हणाली होतीस तसं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. खरं सांगते आई, सगळं नाही. तेव्हा मी तुझ्या नावाने लिहिलेल्या त्या अर्जाचा मजकूर आला आणि तेवढ्या ओळी मी गाळल्या. तेवढ्या तू वाच. मराठीत आहेत.