दोष छर्ऱ्यांचाच

७ मार्च, सकाळी ६.४०
नव्या एअरगनचा तिसरा दिवस. दहा मीटरवरून पाच छर्रे. दोन कागदावर, तीन कागदामागच्या खोक्यावर. शांतपणे विचार केला. नेम माझा, बावीस वर्षांचा. बंदूकही मीच निवडली, चार महिने अभ्यास करून. क्लबचे कोच 'ही घेऊ नका' म्हणत होते तरी. म्हणजे दोष दोघांचाही नाही. उरले छर्रे. प्रत्येक नळीला मानवणारा छर्रा वेगळा असतो, तो शोधायचा. २२ला संघाची निवड. जागा चार. चौथी अकरा वर्षं माझी; यंदा दातांचे डॉक्टर तिच्यावर डोळा ठेवून आहेत. पंधरा दिवस रगड झाले.

८ मार्च
सात प्रकार आणले. चपट्या डोक्याचे, गोल, टोकदार. बायको म्हणाली, मला पसंत करताना एवढं पाहिलं नव्हतंत.

१० मार्च
शिस्त ठरवली. दर प्रकाराचे दहा छर्रे, मग नळी आतून लख्ख पुसायची. एकाचं शिसं दुसऱ्याला लागता कामा नये. कोच फोनवर म्हणाले की पुसू नका, आत शिशाचा थर बसला की नळी एकसारखी मारते. अस्वच्छतेला शास्त्र म्हणतात! दिवसातून सात वेळा पुसतो आहे.

१२ मार्च, सायं. ५.१५
घरातला पॅसेज ८.२० मीटर. उरलेल्या १.८० साठी मी गॅलरीत. खोकं बाथरूमच्या दाराशी, रद्दीने गच्च भरलेलं. विसाव्या छर्ऱ्यानंतर आतून सासऱ्यांचा आवाज आला, "जावईबापू, मी निघू का?" प्रयोग मधेच तोडता येत नाही. त्यांना तसं समजावलं. पन्नास मिनिटांनी निघाले. बोलले नाहीत, म्हणजे पटलं असावं.

१५ मार्च
सोनाराकडून काटा आणून पाचशे छर्रे तोलले. वजनवार आठ वाट्यांत. घरात आता वाटी नाही.

१८ मार्च
बंदूक बदलून मिळण्याची मुदत आज संपली. बदलली असती तर कोच खरे ठरले असते. प्रश्नच नव्हता.

१९ मार्च
सापडला! ४.५१ मिलिमीटर, चपटा. दोन छर्रे एकाच भोकातून गेले. बायकोचं म्हणणं, दुसरा भिंतीत आहे. भिंत तपासली नाही. गरज वाटली नाही.

२१ मार्च
क्लबात सगळ्यांना सांगून बसलो आहे की छर्रा सापडला. डॉक्टर विचारत होते, कोणता. सांगितलं नाही. आजारी पडावं का? पण ताप मोजून बघणारे डॉक्टर तेच. दातांचे असले तरी.

२२ मार्च, दुपार
निवडीत पाचांपैकी कागदावर एक.
कोचनी माझी बंदूक मागून घेतली. वीस छर्रे नुसतेच वाळूत मारले, नळी मळवायला. मग माझ्याच वाटीतले पाच कागदावर. पाचांचं मिळून शर्टाच्या बटणाएवढं भोक. बंदूक तशीच, न पुसता, माझ्या हातात दिली. म्हणाले, आता मारा.
कागदावर दोन.
"बंदूक चांगली आहे," कोच म्हणाले. "छर्रेही चांगलेच आहेत." मग उरलं काय, ते मी विचारलं नाही.
चौथी जागा डॉक्टरांची. संघाचे छर्रे निवडून, तोलून द्यायचं काम माझ्याकडे. घरी सांगितलं, तांत्रिक सल्लागार झालो. बायकोने विचारलं, म्हणजे मारणार दुसरंच कोणी? हो म्हटलं.
टोमण्याची वाट पाहिली. तिने नुसता चहा पुढे सरकवला.