लग्नपत्रिकेचं पॅकिंग

बापू,

तुम्हाला हसू येणार हे ठाऊक आहे, म्हणून आधी तेच सांगून टाकते. मी गवत लावलंय. खायला नाही, विकायला नाही. लावायचं, पाणी द्यायचं, वाढलं की कापायचं, आणि कापलेलं शेजाऱ्याच्या म्हशीला टाकायचं. ज्या मुलखात उन्हाळ्यात भांडी धुतलेलं पाणीसुद्धा लिंबाच्या बुडाशी सोडतात, तिथं तुमच्या लेकीनं आष्टीच्या रस्त्याला, तुमच्या माघारी वाट्याला आलेल्या तुमच्या रानात, शेततळ्याच्या भरवशावर हिरवळ केली आहे. लग्नं लावायला. आता लोकांना कार्यालयाचा हॉल नको असतो, ‘लॉन्स’ पाहिजे असतं. मी शाळेतली नोकरी सोडून हा उद्योग मांडला तेव्हा दादा म्हणाला, “गवतावर पोट भराया तू काय म्हैस हाईस का?” तो अजून म्हणतो. पण आता जरा हळू म्हणतो, आणि का ते सांगायलाच हे लिहायला बसले.

पहिलंच लग्न ठरत आलं होतं. नवरीचे वडील परतूरकडचे, मोजकं बोलणारे, मिशीला पीळ देत बघणारे. ते लग्नाच्या आदल्या आठवड्यात येऊन सगळं फिरून गेले आणि जाताना म्हणाले, “गवत लई वाढलंय ताई. उद्या सकाळी मांडववाल्याला घेऊन येतो. बराबर दिसलं तर इथंच, न्हाईतर जालन्याला एक हॉल बघून ठेवलाय.” मी म्हटलं, उद्या या, गालिचा अंथरल्यासारखं दिसेल. बोलून बसले. दुसऱ्या दिवशी येतो म्हणणाऱ्या माणसासमोर असं बोलू नये, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं होतं. दुपारी गवत कापायचं मशीन बाहेर काढलं, दोरी ओढली, ते सुरू झालं, दोन ढांगा चाललं, भुकभुक केलं आणि बसलं. परत ओढली, परत तेच. पहिलं गिऱ्हाईक गेलं असतं तर गावात दुसरं आलं नसतं. गवत पेरणाऱ्या बाईची गोष्ट मात्र पारावर पिढ्यानपिढ्या चालली असती.

तुमचे जावई मदतीला आले. त्यांची मदत तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, “चार शेळ्या सोड, सांजपर्यंत साफ करतेत.” मी म्हटलं, आणि वऱ्हाड काय लेंड्यांवर बसवू? मग जालन्यातल्या मशीनच्या दुकानाला फोन लावला. तिथला पोरगा फोनवर इंजिनाचा आवाज ऐकूनच म्हणाला, “पॅकिंग गेलंय मॅडम. मागवावं लागतंय, हफ्ता तर लागंलच.” फोन ठेवला आणि मला एकदम तुमची वास घेण्याची लकब आठवली. इंजिन बंद पडलं की तुम्ही हात लावण्याआधी वाकून वास घ्यायचात.

डोळ्यांसमोर आलं, कुंभार पिंपळगावच्या बाजारात तुम्ही बसलेले आहात. खाली पोतं, पुढ्यात कुणाचं तरी पाणी ओढायचं इंजिन उघडं पडलेलं, आणि शेजारी लग्नपत्रिकांचा गठ्ठा. सगळ्या गावाला माहीत होतं की लग्न झालं की पत्रिका बापूला द्यायची, कारण इंजिनाच्या सांध्यातून हवा-तेल गळू नये म्हणून मधे जे पॅकिंग बसवायचं, त्याला तसा जाड, बिनचमकीचा कागद दुसरा मिळत नाही. पत्रिका हातात आली की तुम्ही आधी वरचं चित्र कापून बाजूला काढायचात. लोकांच्या पत्रिकेवर गणपती, आपल्या माणसांच्या पत्रिकेवर तथागत, सगळे एकाच डब्यात गुण्यागोविंदानं. मग नवरानवरीची नावं. त्यांना कात्री लावायची नाही, हा तुमचा कायदा. उरलेल्या कागदात खाली छापलेली पाहुण्यारावळ्यांची लांबलचक यादी तुमची सगळ्यात आवडती. “सोयरे दाबून बसवले की गळत न्हाईत,” असं म्हणून तुम्ही बोल्ट आवळायला घ्यायचात आणि इंजिनाचा मालक, ज्याचा मामा त्या यादीत असायचा, तो सुद्धा हसायचा. एकदा मी घाईनं एकाच बाजूचा बोल्ट पिळून टाकला तेव्हा तुम्ही माझ्या हातावर पान्याची हलकी टपली मारली होती. “माय, दोन्हीकडून थोडं थोडं आवळ. एकीकडंच जोर केला की दुसरीकडून हवा घुसती. घरात बी असंच असतंय.” मी तेव्हा सहावीत होते, घराचं मला काय कळणार. आता कळतं.

तर मी मशीन पायरीवर घेतलं. आधी कार्बोरेटरच्या जोडावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला आणि दोरी ओढली. ते तेल आत ओढलं गेलं तेवढा वेळ इंजिनाचा सूर सरळ झाला आणि मग परत भुकभुक. म्हणजे हवा तिथूनच शिरत होती. बापू, मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली. खोललं तर जुनं पॅकिंग वाळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं हातातच मोडलं. ते नखानं खरवडून काढलं, कारण चाकू लावला असता तर तुम्ही वरून ओरडला असतात. प्रश्न होता कागदाचा. घरात एक लग्नपत्रिका सापडेना. हल्ली सगळी आमंत्रणं मोबाइलवर येतात, आणि मोबाइल काही कात्रीनं कापता येत नाही. मग पेढ्यांच्या बॉक्सचा पुठ्ठा घेतला, तो पेट्रोल लागताच लगदा झाला. जावई म्हणाले, “मी शेळीवाल्याला बोलावून ठेवू का?” मी आत गेले आणि कपाटातून आपली पत्रिका काढली.

आपली म्हणजे माझ्या लग्नाची. गावातल्या सगळ्या पत्रिका कापणाऱ्या माणसानं लेकीची एक मात्र अख्खी ठेवली होती, आणि सासरी निघताना माझ्या पेटीत साड्यांच्या खाली सरकवली होती. “ही कापू नको,” असं तुम्ही म्हणाला नव्हतात. म्हणाला असतात तर मी कापली नसती. मी ती कार्बोरेटरच्या तोंडावर धरली, तेलकट बोट कडेनं फिरवलं, काळा ठसा उमटला. आधी भोकं, मग कड. बोल्ट घालून कागद जागेवर बसवला, मधलं गोल काढलं, तेलात बुडवून ठेवलं, आणि दोन्हीकडून थोडं थोडं आवळलं. दोरी ओढली. इंजिन असं काही लागलं की शेजाऱ्याची म्हैस दावं ताणून बघायला लागली. दिवस मावळायच्या आत सगळं रान कापून झालं. जावई मागं मागं गवत गोळा करत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, “आमच्या लग्नावर चालून राह्यलंय हे मशीन.”

सकाळी नवरीचे वडील आले. लॉन्सच्या दारातल्या कमानीपाशी थांबले, चपला काढल्या आणि अनवाणी पार शेवटपर्यंत चालत गेले. मांडववाला विचारत होता की खांब कुठं रोवायचे, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. परत आले, मिशीतून हसले आणि म्हणाले, “हितं पोरगी द्यायला बी बरं वाटंल.” पुढच्या आठवड्यात लग्न लागलं, अक्षता पडल्या, लेकरं गवतावर लोळली, दादा पंगतीत वाढायला उभा राहिला. आणखी दोन घरची माणसं तारीख धरायला तिथंच मला येऊन भेटली. तुमच्या रानातून पिकाचं काही निघालं नाही यंदा, पण रान हसलं.

आता एक सांगायचं राहिलं. जावयांना मी सांगितलं की कागदाचा तेवढाच तुकडा मापाला बसत होता. खोटं सांगितलं. पत्रिकेचं मागचं अख्खं पान कोरं होतं, पाहुण्यांची यादी तर वीतभर होती. तरी मी ते सगळं सोडून खालचा कोपरा कापला, जिथं ताईच्या लेकरांच्या नावानं छापलंय, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं.’ मधलं गोल काढलं तरी ‘यायचं हं’ कडेला शाबूत राहिलं, आता ते इंजिनात आहे. गावभर पत्रिका तुम्ही वाटल्या होत्या, पण तुम्हाला कुणी दिली नव्हती. नवरीच्या बापाला कोण आमंत्रण देतं? ते द्यायचं राहून गेलं होतं. अक्षता पडत होत्या तेव्हा नवरानवरीकडं बघायचं सोडून मी कमानीकडं बघत होते.