अकरा गुंठ्यांचं लॉ कॉलेज

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी.
निर्णय झाला. आजपासून रोजनिशी. कोणाला वाचायला द्यायची नाही. राष्ट्राध्यक्षाला मन मोकळं करायला एक जागा हवी, म्हणून.
स्वतंत्र दिघाशी प्रजासत्ताकाला वर्ष होत आलं. दिघाशी हे गाव भिवंडीजवळ, देशाचं क्षेत्रफळ अकरा गुंठे. दोन बाजूंना गोडाऊन, एका बाजूला नाला, चौथ्या बाजूला भारत. गोडाऊनचं घाण पाणी आमच्या जमिनीत घुसतं म्हणून पंचायतीत अर्ज करून करून थकलो. मग नेटवर वाचलं की जगात लोक आपापल्या अंगणात देश काढतात. म्हटलं, आपण कुठे कमी आहोत?
नागरिक पाच. मी. बायको मनाली, गृहमंत्री (पद स्वीकारलेलं नाही, पण लेखी नाकारलेलंही नाही). शेजारचा बाळाराम, संरक्षण. पुतळाआत्या, ज्येष्ठ नागरिक. आणि माझी मोठी बहीण जानकीताई. ती टेमघरला दिलेली, म्हणजे अनिवासी.
देशाला कायदा शिकलेली माणसं हवीत. म्हणून लॉ कॉलेज. दर रविवारी, संपूर्ण फुकट. मी स्वतः एलएलबीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेलेला माणूस आहे, त्यामुळे कुलगुरूचा प्रश्न सुटला.

दुपारी.
मनालीने विचारलं, हे खूळ आत्ताच का, आणि पहिला फोन ताईंनाच का. मी म्हणालो, स्त्रीशिक्षण. तिने कपाटाकडे बघितलं. कपाटात मोरपंखी साडी आहे. साडीचा आणि कॉलेजचा काहीएक संबंध नाही.

११ नोव्हेंबर.
साडीबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल.
बाबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन नावं लागली. माझं आणि ताईचं. आमच्याकडे रीत अशी की बहिणी हक्कसोड करतात. भाऊ जेवायला बोलावतो, साडी नेसवतो, मग सगळे मिळून भिवंडीला रजिस्ट्रारकडे जातात. बहीण सही करते, जमीन भावाची होते. कोणी भांडत नाही, कोणी काही विचारत नाही. पुतळाआत्याने केलं. आईने तिच्या माहेरी केलं. मनालीनेही तिच्या भावांना करून दिलं.
भाऊबीजेलाच उरकणार होतो. ताई ओवाळायला समोर बसली, माझ्या कपाळाला कुंकू लावताना जरा वाकली, आणि माझी जीभच उचलेना. तिला स्टीलचा डबा दिला. साडी राहिली.
इकडे गोडाऊनवाला शेठ घाई करतोय. त्याला कागदावर एकच नाव हवंय. (शेठशी बोलणी हा परराष्ट्र धोरणाचा भाग आहे. मी देश विकत नाही. लीजवर देतोय. सार्वभौमत्व शाबूत राहील.)
ताई दर रविवारी इथे आली, तर एखाद्या रविवारी ओघात विषय निघेल. एवढंच. याला डाव म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात.

१६ नोव्हेंबर, रविवार.
प्राध्यापक मिळाल्या. अ‍ॅडव्होकेट धम्मदिना. भिवंडी कोर्टात प्रॅक्टिस, राहायला टेमघर, ताईच्याच बाजूच्या गल्लीत. धामणकर नाक्यावर चहा पीत भेट झाली. ट्रकच्या हॉर्नमध्ये देशाची भूमिका ओरडून सांगावी लागली. त्या सुरुवातीला बराच वेळ हसल्या. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, सर, गावातल्या बायका येतील ना? मी म्हणालो, बायकाच येणार आहेत. त्या म्हणाल्या, मग मी पैसे न घेता शिकवीन, पण काय शिकवायचं ते मी ठरवीन, त्यात ढवळाढवळ नको.
ताबडतोब मान्य केलं. मी उदारमतवादी आहे.
संकल्प: रोज कायद्याची पाच पानं वाचणे. उद्यापासून.

१९ नोव्हेंबर.
पुस्तक सापडत नाही. मनालीने ते पलंगाच्या पायाखाली दिलंय. काढलं तर पलंग डुगडुगेल. राहू दे.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
संविधान दिनी कॉलेजचं उद्घाटन. ध्वजारोहण माझ्या हस्ते. ध्वजाचं कापड बाळारामने ओळखीच्या लूमवरून आणलंय, पण रंगवायचं राहिलं. सध्या पांढरा फडकतो. एका ट्रक ड्रायव्हरने गाडी हळू करून विचारलं, क्या भाईसाब, सरेंडर कर दिया क्या? दुर्लक्ष केलं.
ताई सगळ्यांच्या आधी आली. नवी वही, नवं पेन, आणि माझ्यासाठी सुके बोंबील. सातवीनंतर पहिल्यांदा शाळेत बसते म्हणाली. टेमघरमध्ये तिने घरोघर सांगितलंय, माजा भाव वकिलीचं कालेज चालवतो. ऐकून छाती फुगली. मग छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं. अ‍ॅसिडिटी असावी.

३० नोव्हेंबर, रविवार.
पहिला तास. धम्मदिना मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, या देशाचा सातबारा कुठाय? मी म्हणालो, सार्वभौम राष्ट्राला सातबारा नसतो. त्यांनी मोबाइलवर काढून दाखवला. दोन नावं. म्हणाल्या, म्हणजे अर्धा देश ताईंचा.
सगळे हसले. ताई सगळ्यात जास्त हसली. मंग मी पन अध्यक्ष का रं, म्हणाली. मीही हसलो. बराच वेळ हसत होतो. बाळाराम म्हणाला, बास आता.
बोंबील ताटात तसेच राहिले. तिखट जास्त झालं होतं. तिखट नव्हतं असं मनालीचं म्हणणं.

७ डिसेंबर, रविवार.
वर्ग रद्द. बाळारामच्या पुतण्याची हळद. डीजेपुढे कायद्याचं काही चालत नाही.
आज ताईशी बोलायचंच असं ठरवून गेलो होतो. मांडवाच्या बाजूला तिला गाठलं. तिने दोन्ही हातांची हळद माझ्या तोंडाला फासली आणि नाचायला ओढलं. तोंडाला हळद असताना माणूस हक्कसोड कसं मागणार? नाचलो. समोर मटणाच्या पंगतीला शेठ बसला होता. त्याने लांबूनच भुवया उडवल्या. मी मान डोलावली. का डोलावली, कळलं नाही. गाण्याच्या ठेक्यावर डोलली असेल.

१४ डिसेंबर, रविवार.
विषय: वारसाहक्क. सागरी कायदा घ्या, आपल्याला नाला आहे, असं मी आदल्या दिवशी सुचवून पाहिलं. मॅडमनी ढवळाढवळीच्या अटीची आठवण करून दिली.
तर मॅडम म्हणाल्या, मुलगी जन्मापासून वारस. भावाइतकीच. हक्कसोड करा असं कुठलाच कायदा म्हणत नाही. द्यायचं तर स्वखुशीने द्या, आणि कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करू नका. ताईने हे वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.
पुतळाआत्याने विचारलं, झालेली सही माघारी घेता येते का? मॅडम म्हणाल्या, इतक्या वर्षांनी कठीण आहे आजी. आत्या म्हणाली, जाऊ दे, तवा नेसवलेली ती सारी पन कवाच फाटली. मनाली चहा ठेवायला उठली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. आत भांडी आपटल्याचा आवाज येत होता.
वातावरण हलकं करावं म्हणून मी मुद्दा मांडला की या देशात भारताचा वारसा कायदा लागू नाही. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे सर, मग हक्कसोडही इथे होणार नाही. त्यासाठी तुम्हाला भिवंडीला, म्हणजे परदेशात जावं लागेल.
खूप हसले सगळे. विद्यार्थ्यांनी कुलगुरूला हसण्याबाबत नियम करायला हवा.

२१ डिसेंबर, रविवार.
परीक्षा म्हणून अभिरूप न्यायालय (लुटुपुटीचा खटला) ठरलं. विषय मॅडमचा: बहीण विरुद्ध भाऊ. न्यायाधीश मी. पक्ष चिठ्ठीने. बहिणीची बाजू पुतळाआत्याला आली, भावाची ताईला. हे उलटं होतंय, पुन्हा चिठ्ठ्या टाकू, असं मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, वकिलाला कुठलीही बाजू लढता आली पाहिजे.
ताई म्हणाली, मना चालल. भावाची बाजू मना पाठ हाय.

२४ डिसेंबर.
शेठचा फोन. जानेवारीत काम झालं नाही तर तो नाल्यापलीकडची जमीन बघणार. मी सांगितलं, घरात काही अडचण नाही. खरंच नाही. अडचण फक्त विचारण्याची आहे.

२८ डिसेंबर, रविवार.
खटला.
मी काळा कोट घातला. लग्नातला. बटण लागलं नाही.
आत्या उभी राहिली, मी पन त्याच आईच्या पोटची, म्हणाली आणि खाली बसली. मला वाटलं, सोपं काम आहे.
मग ताई उठली. वही उघडली नाही. म्हणाली, माझ्या अशिलाने आईबापाचं सगळं केलं. आजारपणात बाबांना भरवलं, धुतलं, पुसलं. (हे तिने केलं होतं. रोज टेमघरहून रिक्षाने येऊन. मी तेव्हा नाल्याचे अर्ज लिहीत होतो.) भावाला संसार हाय, त्याला पुढचं बघायचं हाय. आणि सायेब, बहिनीनं जमीन मागितली तर भाव जाईल. भाव गेला तर माहेर गेलं. मंग उनातनं आल्यावर पानी कोन इचारील?
मॅडमनी चष्मा काढून पुसला. बाळाराम ध्वजाकडे बघत बसला. सगळे माझ्याकडे वळले.
मी म्हणालो, निकाल राखून ठेवण्यात येत आहे.
मॅडमनी विचारलं, कधीपर्यंत? मी म्हणालो, न्यायालयाच्या सोयीने.
आत आलो. कोट काढून खुंटीला लावला. मला लाज वाटली. हे लिहिलंय, पण खोडणार नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार.
ताप असल्याचं कळवलं. थर्मामीटर मानत नाही, पण ताप आहे. दोन निकाल लिहून काढले. दोन्ही उत्तम झालेत.

११ जानेवारी, रविवार.
मॅडमचा मेसेज: सर, निकाल आल्याशिवाय पुढचा तास घेणार नाही.
ठरलं. निकाल बहिणीच्या बाजूने. शेठला नकार. साडी भाऊबीजेची राहिलेली म्हणून द्यायची, कागदाशिवाय. पक्कं. किती हलकं वाटतंय! हे सगळं मनालीला सांगितलं. ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाली, मग शेठला आत्ता फोन लावा.
शेठ दुपारी झोपतो. उठवणं बरं नाही. उद्या.

१५ जानेवारी.
शेठचाच फोन आला. नकार देण्यासाठी शब्द शोधत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, सोमवारी रजिस्ट्रारचा नंबर लावलाय. समोरचा माणूस एवढी खटपट करतो तेव्हा लगेच तोडून बोलता येत नाही. बरं म्हणालो. बरं म्हणजे हो नव्हे.

१८ जानेवारी, रविवार.
वर्ग नव्हता, तरी ताई आली. सरळ आत गेली, कपाट उघडलं, साडी काढली. भाऊबीजेला टॉवेल शोधताना तिला दिसली होती. म्हणाली, तवापासनं बघते कवा बोलतंस. दर रविवारी आले, म्हटलं आज बोलेल.
मी म्हणालो, ताई, निकाल तुझ्या बाजूने लिहिलाय. आत आहे, आणू का? ती म्हणाली, लिवलेला नको. बोलून दाखव.
मी साडीची विस्कटलेली घडी नीट करत बसलो.
ती म्हणाली, उद्या किती वाजता जायाचं?

१९ जानेवारी, सोमवार.
झालं.
ताई मोरपंखी साडी नेसून आली होती. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तिचं वय कमी लागलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. कारकून वैतागला. ती म्हणाली, मी लॉ कालेजला हाय.
साहेबांनी विचारलं, स्वखुशीने करताय ना बाई? तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ताई, नको. अगदी स्पष्ट म्हणालो.
मनाली मागेच उभी होती. ती म्हणते, तुम्ही काहीही बोलला नाहीत. तुम्ही पेन दिलंत.

२२ जानेवारी.
मॅडमना ताईच्या पदवीदानाचं आमंत्रण पाठवलं. देशाची पहिली पदवीधर. मॅडमनी वाचलंय. उत्तर नाही. कोर्टात कामं असतात.

२५ जानेवारी, रविवार.
सकाळी शेठच्या डंपरने दोन खेपा मुरूम टाकला. ध्वजाचा बांबू त्यात गाडला गेला. कापड मनालीने काढून आणलं, पुसायला होईल म्हणाली.
तासाच्या वेळेला बाहेर खुर्च्या मांडल्या. सवयीने. आत्या आली नाही. बाळाराम घरी होता, पण आला नाही.
बारा वाजता ताई आली. मनालीकडे लोणच्याची बरणी द्यायची होती. उन्हातून चालत आली होती, फाट्यापासून. मी धावत आत गेलो, तांब्या भरून आणला, ती बसायच्या आत म्हणालो, ताई, पाणी.
ताई म्हणाली, पिऊन आले रं.
बरणी दिली आणि गेली. टेमघरपासून इथपर्यंत वाटेत ती पाणी कुठे प्यायली असेल, तेच मगापासून बघतोय.