युगांडाला निघण्याआधीचे बेचाळीस दिवस

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
बेचाळीस दिवस उरले. १७ फेब्रुवारीचं विमान. युगांडातल्या मिशनच्या दवाखान्यात सरोज नर्स, आणि मी सुवार्तेच्या कामाचा प्रमुख. संस्थेच्या पत्रात माझ्यापुढे नुसतं ‘सोबत पती’ आहे. टायपिंगची चूक असणार.

आजपासून शिस्त. पहाटे प्रार्थना. साखर बंद. रोज लुगांडा भाषेचे दहा शब्द.

सरोजने फ्रिजवर कामांची यादी चिकटवली. सगळ्यात वर यलो फीव्हरची लस. टोचल्यावर दहा दिवसांनी ते पिवळं कार्ड लागू होतं, त्याशिवाय विमानात घेत नाहीत, असं तिने तीनदा सांगितलं. मला एकदा सांगितलं तरी कळतं.

९ जानेवारी, गुरुवार
सरोज मुंबईला जाऊन लस घेऊन आली. मला जमलं नाही. दिवा स्टेशनजवळच्या चर्चच्या मंडळीने निरोप समारंभ ठेवलेला, नाही कसं म्हणणार? शाल, हार, भिंतीवरचं घड्याळ. तिथले म्हातारे दौलतकाका माझा हात धरून रडले. मला काहीच झालं नाही. आत एकदम शांत. देवाची शांती म्हणतात ती हीच असावी.

लुगांडा: एक शब्द. संध्याकाळी विसरलो.

१९ जानेवारी, रविवार
घोडबंदर रोडच्या मंडळीत तिसरा निरोप. ट्रॅफिकमुळे दीड तास उशीर, तरी लोक थांबलेले. सरोज मागे बसून फॉर्म भरत होती, तिला मान घेता येत नाही. पाळकसाहेब तिला म्हणाले, सिस्टर, तिथे तुमची फार गरज आहे. मला म्हणाले, ब्रदर, जपून राहा. एकूण घड्याळं चार.

फ्रिज विकला. त्याच्यावरची यादीही गेली. डोकं हलकं झालं.

२९ जानेवारी, बुधवार
माझी लसीची अपॉइंटमेंट. डोंबिवली स्टेशनपर्यंत गेलो. नाक वाहायला लागलं. सर्दीत लस घेऊ नये असं कुठेतरी वाचलेलं. सुईला घाबरतो असं अजिबात नाही. शाळेत चक्कर आलेली ती उपाशी होतो म्हणून. स्टेशनसमोर मिसळ खाल्ली, दोन तास बाकावर बसून घरी आलो.

सरोजने विचारलं, झालं का हो? झालं म्हटलं. होणारच आहे, म्हणजे झाल्यात जमा. दंड दुखतोय का, म्हणाली. म्हटलं, थोडा. तिने दंडाकडे बघितलं आणि पुन्हा कपडे भरायला घेतले.

१२ फेब्रुवारी, बुधवार
गुपचूप जाऊन घेतली लस एकदाची. चक्कर आली, पण बसल्या बसल्या. कार्डावर लिहून दिलं, २२ फेब्रुवारीपासून लागू. विमान सतराला. पाच दिवसांचा तर प्रश्न! देवाच्या कामाला निघालेल्या माणसाला पाच दिवसांसाठी कोण अडवणार? एअरपोर्टवरच्या लोकांना तारखा वाचायला सवड कुठे असते?

सरोजला सांगावंसं वाटलं. ती पेट्यांचं वजन करत होती. उद्या सांगतो.

१३ फेब्रुवारी
उद्या नक्की.

१५ फेब्रुवारी, शनिवार
घर रिकामं झालं. भाडेकरू एक तारखेला येतील. हॉलमध्ये बराच वेळ उभा होतो. काही म्हणजे काही वाटेना. दात काढण्याआधी गाल बधिर होतो तसं. शांती अशी नसते बहुतेक.

सांगायचं राहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
काउंटरवरच्या मुलीने आधी तारीखच वाचली. सर, तुम्हाला पाठवता येणार नाही. मी सेवेचं सांगायला लागलो. सरोजने कार्ड हातात घेऊन बघितलं. मग त्या मुलीला एवढंच विचारलं, मी एकटी जाऊ शकते ना?

माझे दोन शर्ट तिच्या पेटीत होते. ते घडी न मोडता काढून दिले. पोचल्यावर फोन करते म्हणाली आणि आत गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
चर्चला गेलो नाही. पाच मंडळ्यांनी निरोप दिलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने जायचं? रिकाम्या घरात खिडक्या लावून बसलोय. वरच्या हेमांगीताईंनी जिन्यात पकडलंच. कागदपत्रांसाठी परत आलोय, असं सांगितलं.

सरोजला फोन केला. म्हटलं, कार्ड कालपासून लागू झालं, तिकीट काढतो. ती म्हणाली, मी रोज इंजेक्शनं देते हो. त्या दिवशी तुमच्या दंडावर काही नव्हतं. वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. निघेपर्यंत वाट बघितली.

फार वाईट वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच काही वाटलं, तेही हे.

येऊ का, असं विचारलं. म्हणाली, पेशंट आलाय, ठेवते.